दाढेत पाणी मुरतंय

भिंगरीचे बाबा चौतीस वर्षं कॅनलवर होते. घरात हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडायचं की लहानपणी तिला वाटे, बाकीच्यांचे बाबा ऑफिसात खुर्चीवर बसतात आणि आपले कॅनलवर, पाय खाली सोडून. फोन आला, कॅनलवर आहेत. पाहुणे आले, कॅनलवर आहेत. शाळेत पालकांना बोलावलं, तरी कॅनलवरच. कागदावर त्यांचा हुद्दा कालवा निरीक्षक असा भारदस्त होता, पण तो कागदापुरताच. पाणी कुठून सुटतं, कुठे पोचतं आणि मधल्या मधे कोण पळवतं, यापलीकडे जगात फारसं काही घडत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने कॅनलवर यावं, ते नाही तर निदान धरणावर तरी यावं, ही त्यांची माफक अपेक्षा. मुलगी झाली दातांची डॉक्टर. बाबांनी आदळआपट केली नाही, अबोला धरला नाही. त्यांनी याहून वाईट केलं. कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" की ते म्हणायचे, "ती दातांचं काहीतरी करते."

काहीतरी! इतकी वर्षं घोकंपट्टी, मग स्वतःचा दवाखाना, दारावर पाटी, बटण दाबलं की माणसाला अलगद आडवं करणारी खुर्ची, आणि सख्ख्या बापाच्या तोंडी काय, तर काहीतरी. चारचौघांत भिंगरी हे हसण्यावारी न्यायची. घरी गेल्यावर उशीला गुद्दे मारायची. दवाखाना उघडून तीन महिने झाले होते आणि बाबा एकदाच तिथे येऊन गेले होते, पहिल्या दिवशी. भिंतीवर हात फिरवून "ओल नाही, बरं आहे," एवढं बोलले आणि पेढा न मागता निघून गेले.

मग अक्रोडाचं प्रकरण झालं.

"तुझ्या बाबांची दाढ दुखतेय," आई फोनवर कुजबुजली. "मी सांगितलं असं सांगू नकोस हं."

"कधीपासून?"

"रविवारी भाचरं आली होती ना, त्यांच्यापुढे दाढेने अक्रोड फोडून दाखवत होते. चार फोडले. पाचव्याला कट्ट असा आवाज आला. पोरांनी टाळ्या पिटल्या."

"मग?"

"मग काय, अक्रोड शाबूत होता."

दोन दिवस बाबांनी लवंग चघळली, मिठाच्या गुळण्या केल्या, एका बाजूने जेवले आणि आईने विचारलं की "मी विचार करतोय" असं सांगून गाल धरून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते दवाखान्यात आले आणि मुलीला म्हणाले, "इथून चाललो होतो. म्हटलं बघावं, ओल आली का."

"बसा," भिंगरी म्हणाली आणि तिने बटण दाबलं. बाबा आडवे झाले.

शेजारी मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे दवाखान्याचा उजवा हात. बावीस वर्षं बाळंतपणाच्या दवाखान्यात काढून त्या दातांकडे आल्या होत्या. हात एकदम सराईत, पण तोंड अजून तिकडेच अडकलेलं. त्यांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "मोठा श्वास घ्या. जोर लावू नका, अजून वेळ आहे."

वरच्या बाजूची पहिली मोठी दाढ. तिच्यातलं जुनं सिमेंट फुटलं होतं, खाली कीड आत पोचली होती, आणि अक्रोडाने वरून तडा दिला होता. नशीब की तडा मुळापर्यंत गेला नव्हता. भिंगरीने एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला.

"उपटून टाक," बाबा म्हणाले. "नाहीतर मी कोपऱ्यावरच्याकडे जातो." कोपऱ्यावरचे म्हणजे त्यांचे फिरायला जायचे सोबती. तेही दातांचेच डॉक्टर, पण आधी उपटायचे आणि मग विचारायचे, कुठला दुखत होता.

"उपटायची नाही. दाढ वाचते. रूट कॅनल करू."

बाबा खुर्चीत उठून बसले. खुर्ची आडवी असताना उठून बसणं सोपं नसतं, पण ते बसले. "काय करू?"

"रूट कॅनल."

"कॅनल? दाढेत?"

"हो. हे बघा, वरून दात दगडासारखा दिसतो, पण आत पोकळी असते. त्या पोकळीत नस असते, रक्तवाहिन्या असतात. तिथून प्रत्येक मुळाच्या टोकापर्यंत बारीक वाट जाते. तिला कॅनल म्हणतात. कीड आत पोचली की नस सुजते. फुगायला जागा नसते, चारी बाजूंनी पक्की भिंत, म्हणून एवढी कळ येते. ती सडलेली नस काढायची, वाटा साफ करायच्या, धुवायच्या, कोरड्या करायच्या आणि टोकापर्यंत भरून बंद करायच्या. वरून टोपी बसवायची. दाढ राहते, दुखणं जातं."

बाबांचे डोळे पडद्यावर खिळले होते. गालावरचा हात कधीच सुटला होता. "लांबी किती?"

"साधारण एकवीस मिलिमीटर."

"रुंदी?"

"केसापेक्षा थोडी जास्त."

"उतार?"

"बाबा!"

"सरळ आहेत की वळणं आहेत, एवढंच विचारतोय. वळणावर गाळ साचतो."

"वळणं आहेत. आणि हो, वळणावरच साचतो."

बाबांनी मावशींकडे असं पाहिलं की बाई, तुम्ही साक्षीला आहात. "म्हणजे आधी गाळ काढायचा, मग आतून अस्तर, आणि वर दरवाजा. मग असं सरळ सांगायचं की! इतकी वर्षं दात-दात काय करत होतीस?"

"इतकी वर्षं दाताच्या कण्या करून हेच सांगत होते!" भिंगरी म्हणाली. तिला रागही आला आणि हसूही फुटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिच्या हातातला आरसा खाली पडला.

पहिल्या बैठकीला बाबा वही घेऊन आले. जुनी पाहणीची वही, निळ्या पुठ्ठ्याची. भूल चढेपर्यंत त्यांनी तिन्ही कॅनलना नावं देऊन टाकली: पुढचा, मागचा आणि टाळूचा. टाळूचा सर्वांत रुंद, म्हणून तो मुख्य. मग दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसला, म्हणजे पाणी घशात जायला नको आणि थुंकी दाढेत जायला नको. बाबांना बोलणं अशक्य झालं. पण बोटं मोकळी होती. बोटांनी ते आकडे विचारत राहिले.

भिंगरीने पुढचा कॅनल उघडला. बारीक काटेरी सुई आत फिरवत, मशीनवर टोक आल्याची पीप ऐकत, सडका भाग तिने बाहेर काढला. मग आतली वाट औषधाने धुवायला ती मावशींना सवयीने म्हणाली, "आता इरिगेशन."

खुर्चीतून एक हुंकार आला. चौतीस वर्षं ज्या खात्यात पगार घेतला त्याचं नाव आपल्याच तोंडात ऐकू आल्यावर माणसाने करावं तरी काय? बाबांनी दोन्ही हात वर केले. मावशी धावल्या. "कळ आली? श्वास सोडा, श्वास सोडा!" भिंगरीने थांबून विचारलं, "दुखतंय?" बाबांनी जोरजोराने नाही म्हटलं, हवेत एक आडवी रेघ काढली, तिच्यातून लाटा सोडल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हो," भिंगरी म्हणाली. "तुमचंच खातं."

तास-दीड तासाने तिन्ही कॅनल स्वच्छ झाले. आत औषध ठेवून, वरून तात्पुरतं सिमेंट लावून तिने बाबांना घरी पाठवलं. त्या संध्याकाळी तिचे पाय जमिनीवर नव्हते. आपल्या दवाखान्यातलं पहिलं रूट कॅनल, आणि तेही बाबांचं! ती फिरत्या स्टुलावर बसून गरागरा फिरली. लहानपणी अशीच फिरायची म्हणून तर नाव भिंगरी पडलं होतं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. "तुझे बाबा चहा गार करून पितात."

चहा जरा कोमट असला की कप परत पाठवणारा माणूस गार करून पितो म्हणजे काही खरं नाही.

"मला बोलले नाहीत," आई म्हणाली. "वहीत लिहितात. मी चोरून वाचलं. सोमवार सकाळ, गरम चहा, कळ, बारा आकडे मोजेपर्यंत. मंगळवार, आमटी, चौदा आकडे. बुधवारी तर कढत दूध मुद्दाम मागून प्यायले. वीस."

बाबा त्याच दुपारी आले. वही उघडून टेबलावर ठेवली. बोलण्यात आरोप नव्हता. तोच तर त्रास होता. आरोप असता तर भांडता आलं असतं.

"तिन्ही कॅनल साफ?"

"तिन्ही."

"टोकापर्यंत?"

"टोकापर्यंत. फोटो दाखवते."

"नको, माझा विश्वास आहे. मग कळ कुठून येते?"

"सूज उतरायला वेळ लागतो, बाबा."

"सूज उतरत असती तर आकडे कमी व्हायला हवेत. वाढतायत." त्यांनी वहीवर बोट टेकलं. "भिंगरे, कुठेतरी पाणी मुरतंय."

ते नेहमीसारखं कॅनलविषयीच बोलत होते. पण भिंगरीचा चेहरा लाल झाला, कारण पाणी खरोखरच मुरत होतं, आणि कुठे ते तिला ठाऊक होतं.

"शुक्रवारपर्यंत बघ," बाबा उठत म्हणाले. "नाहीतर मी कोपऱ्यावरच्याकडे जाऊन मोकळा होतो. तुझ्यावर राग नाही. दातांचंच तर आहे काहीतरी."

परत तेच. आता ती दाढ जाणार, आणि जन्मभर आईकडे जेवायला गेलं की समोर बसून ते रिकामं भोक तिच्याकडे बघून हसणार. भिंगरीने दार अडवलं.

"थांबा. चौथा आहे."

"काय?"

"या दाढेत पुष्कळदा चौथा कॅनल असतो. पुढच्याच्या बाजूला लपलेला, अगदी बारीक. मला माहीत होतं. तळावर एक पुसट रेघ दिसली होती मला, पुढच्यापासून टाळूकडे जाणारी. मी ती खरवडली नाही."

"का?"

"घाबरले. तिथे तळ पातळ असतो. सुई जरा चुकली की दाढेला आरपार भोक पडतं, मग उपटण्याशिवाय इलाज नाही. दुसऱ्या कोणाची दाढ असती तर शोधला असता. तुमची होती." तिने दारावरचा हात काढला. "म्हणून मी मनाशी म्हटलं, नसेल चौथा."

बाबा परत बसले. मावशी कापूस मोजण्याचं नाटक करत तिथेच रेंगाळल्या.

"मोठ्या रुग्णालयात दाढेत बघायची दुर्बीण आहे," भिंगरी म्हणाली. "तिथे पाठवते तुम्हाला."

"हद्द कोणाची?"

"माझी."

"मग?" बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या घरात याचा अर्थ एकच होता, आता गोष्ट सांगणार. "नोकरीला लागून माझं दुसरं वर्ष होतं. तीन पाट बंद केले होते, तरी खालच्या अंगाला एका शेतात चिखल. साहेब म्हणाले, आटेल आपोआप. मजूर म्हणाले, तळ खोदू. मला कळेना. खोदलं आणि अस्तर फुटलं तर नोकरी गेली. नाही खोदलं तर शेत गेलं. तीन दिवस मी पण म्हटलं, नसेल काही."

"तुम्ही?"

"मीच. कोणाला सांगितलं नाही आजपर्यंत, तुझ्या आईलाही नाही. मग एक म्हातारा गडी होता, तो म्हणाला, खोदता कशाला, पाणी भरा आणि गप बसा. फूटभर पाणी भरलं, वारा पडेपर्यंत थांबलो आणि काठावर पालथा पडून बघत राहिलो. एका कोपऱ्यातून बुडबुडे. बारीक, एकामागून एक. कोणीतरी जुनी नळी पुरली होती तिथे. तेवढीच जागा उघडली आणि तेवढीच बुजवली. बाकी तळाला धक्का नाही."

"बुडबुडे," भिंगरी म्हणाली. मग एकदम ओरडली, "बाबा, बुडबुडे! आमच्यातही आहे हे! धुवायचं औषध दाढेत भरून ठेवायचं. आत कुठे जिवंत नस उरली असेल तर औषध ती खातं आणि तिथून बुडबुडे येतात. मी वाचलंय! कधी करून बघितलं नाही!"

"मग शुक्रवारी बघ," बाबांनी टोपी घातली. "तारीख बदलणार नाही. दुरुस्तीची तारीख मी कधीच बदललेली नाही."

शुक्रवारी भूल चढली, पडदा ताणला गेला, तात्पुरतं सिमेंट निघालं. भिंगरीने डोळ्यांवर भिंगांचा चष्मा चढवला, कपाळावरचा दिवा लावला आणि दाढेच्या पोकळीत औषध भरलं. पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला.

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता गप बसायचं."

तिघंही गप बसले. बाबांना तर पर्यायच नव्हता. भिंगांखाली ते इवलंसं तळं निश्चल होतं. पहिलं मिनिट गेलं. काही नाही. कोपऱ्यावरच्यांची पक्कड भिंगरीला डोळ्यांसमोर दिसायला लागली. दुसरं मिनिट. मावशींनी सवयीने बाबांची नाडी धरली.

आणि तळाशी, त्या पुसट रेघेच्या मधोमध, मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक बुडबुडा आला. तो वर येऊन फुटला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा, चौथा, ओळीने, नाचत!

"आला!" भिंगरी किंचाळली. "आला, आला, आला!"

"मुलगा की मुलगी?" मावशी ओरडल्या.

"चौथा!"

खुर्चीत बाबांची चार बोटं छताकडे ताठ उभी राहिली आणि हलायला लागली. मावशींना आपण काय बोललो ते आता उमगलं आणि त्या टेबल धरून हसत सुटल्या. बाबांचं पोट गदगदत होतं. "बाबा, हसू नका, दाढ हलतेय!" असं म्हणता म्हणता भिंगरीचेच डोळे भरून आले, आणि भिंगांवर वाफ धरली. दोन मिनिटं काम बंद ठेवावं लागलं. सरकारी कामात एवढा खंड चालतो.

मग मात्र ती शांत झाली. हात असा स्थिर की तिचा तिलाच अचंबा वाटला. जिथे बुडबुडे आले तेवढीच जागा तिने बारीक टोकाने खरवडली, पुसली, पाहिली, पुन्हा खरवडली. सगळ्यांत बारीक सुई घेऊन टेकवली. सुई अडली. तिने दाबली नाही. किंचित वळवून परत टेकवली, आणि ती आत गेली, अलगद, जणू वाट बघत बसलेली वाट सापडली. मशीनने पीप केलं.

"एकोणीस," भिंगरीने लांबी सांगितली.

बाबांनी हवेत लिहून घेतलं.

तिने चौथा साफ केला, धुतला, चारही कॅनल कोरडे केले आणि टोकापर्यंत भरून बंद केले. शेवटचा फोटो काढला. पडद्यावर चार पांढऱ्या रेघा, चारही काठोकाठ. तोंडातला रबराचा पडदा निघाल्यावर बाबा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, पाहणीला आल्यासारखे.

"दोन दिवस या बाजूने चावायचं नाही," भिंगरी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात टोपीचं माप. आणि अक्रोड..."

बाबांनी खिशातून अक्रोड काढून टेबलावर ठेवला. तोच पाचवा. इतके दिवस ते तो खिशात घेऊन हिंडत होते. मग काहीही न बोलता ते बाहेर गेले.

काहीच बोलले नाहीत! भिंगरी स्टुलावर बसली. फिरायचं तिच्या लक्षातही आलं नाही. दार अर्धवट उघडं राहिलं होतं.

बाहेर बाकावर एक धिप्पाड बसड्रायव्हर गाल धरून बसला होता. आधीची किंचाळी, मग हसणं, सगळं त्याने ऐकलं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काका," त्याने हळूच विचारलं, "आत काय चाललं होतं? चांगल्या आहेत ना त्या?"

"माझी मुलगी आहे," बाबा म्हणाले. अर्धा ओठ बधिर, त्यामुळे शब्द वाकडे बाहेर पडत होते.

"असं होय! म्हणजे त्या दातांचं सगळं करतात?"

"दातांचं?" बाबांचा आवाज चढला. एवढा अपमान त्यांचा कोणी कधी केला नसेल. त्यांनी टोपी नीट केली, बधिर ओठ बोटांनी जागेवर धरला, आणि प्रत्येक अक्षर नीट उमटेल अशा बेताने म्हणाले, "माझी मुलगी कॅनलवर आहे."

आत भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हातात मोजे होते, पुसायची सोय नव्हती. मावशींनी कापसाचा बोळा घेऊन तिचे गाल टिपले आणि पाठीवरून हात फिरवला.

"रडा हो," मावशी म्हणाल्या. "पहिल्या वेळी सगळ्याच रडतात."